चकाकते ते मूळचे नव्हे

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनाला गेले की एक देखावा हमखास पाहायला मिळतो. मालक मोठ्या ऐटीने बॉनेट उघडतो, आतले इंजिन आरशासारखे लखलखत असते, बघ्यांच्या तोंडून ‘वा!’ बाहेर पडते आणि परीक्षक म्हणून नेमलेले गृहस्थ आपल्या कागदावर भराभर गुण मांडू लागतात. माझे म्हणणे असे की, त्या क्षणी तेथे पुष्कळदा एका पुराव्याचा खून साजरा होत असतो. शब्द कडक आहे आणि सणासुदीच्या अंकात शोभणारा नाही, हे मला ठाऊक आहे. पण फराळाच्या ताटात लाडू-करंज्यांच्या शेजारी तिखट शेवही असतेच. तिलाही कोणी नको म्हणत नाही.

वाद ज्या वस्तूवरून घालायचा ती बहुधा एका हातात मावते. तिचे नाव कार्बोरेटर. ज्यांनी स्कूटर तिरकी करून, चोक ओढून, किकवर किक मारण्यात तारुण्य घालवले त्यांना तिची ओळख करून द्यायला नको. धाकट्या मंडळींसाठी सांगतो. इंजिनात जाण्यापूर्वी पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण ठराविक प्रमाणात व्हावे लागते. वजनाने पाहिले तर एक भाग पेट्रोल आणि सुमारे पंधरा भाग हवा. हे मिश्रण कालवणारे पात्र म्हणजे कार्बोरेटर. अनारशाच्या पिठात गूळ किंचित जास्त झाला की अनारसा तुपात हसतो. इथे प्रमाण बिघडले की इंजिन खोकते. अमेरिकेतल्या नव्या मोटारींतून हे पात्र १९९०च्या आसपास नाहीसे झाले. आपल्याकडे एप्रिल २०२०मध्ये ‘बीएस-सहा’चे नियम आले आणि दुचाक्यांनीही बहुतेक त्याची रजा घेतली. म्हणजे आता जे कार्बोरेटर जुन्या मोटारींवर उरले आहेत, ते गेले की गेले. म्हणूनच त्यांच्या अंगावर काय आहे, हा प्रश्न केवळ हौशी लोकांच्या गप्पांचा राहिलेला नाही.

अंगावर काय आहे म्हणजे मोटारवाले ज्याला ‘फिनिश’ म्हणतात ते. कारखान्यातून बाहेर पडताना त्या धातूवर कोणता मुलामा होता, कोणता रंग होता, की काहीच नव्हते, याचे नाव फिनिश. पुष्कळांना वाटते की ही निव्वळ शोभा. हा समज साफ चुकीचा आहे. आपल्या स्वयंपाकघरातले उदाहरण घ्या. पितळेच्या पातेल्याला आतून कल्हई असते. ती दिसायला पितळेइतकी सुंदर नसते, पांढरट, फिकी दिसते. पण ती नसेल तर आमटी कळकते. आता एखाद्या उत्साही सुनेने, ‘आतूनही कसे सोन्यासारखे चमकले पाहिजे!’ म्हणून कल्हई खरवडून काढली, तर सासूबाई तिला काय म्हणतील? जुन्या कार्बोरेटरवर रोज हाच पराक्रम होत आहे. तेथे मात्र सासूबाईंच्या जागी बसलेले परीक्षक त्याला बक्षीस देत आहेत.

हे पात्र कशाचे बनत आले तेही थोडे पाहू, कारण धातू कळल्याशिवाय मुलामा कळत नाही. फोर्डची ‘मॉडेल टी’ १९०८ ते १९२७ या काळात निघाली. तिच्या सुरुवातीच्या गाड्यांवर पितळी अंगाचे कार्बोरेटर होते. पुढे खर्च वाचवण्यासाठी बिडाचे आले. त्यानंतरचे मोठे पाऊल म्हणजे जस्त. वितळलेली जस्ताची मिश्रधातू पोलादी साच्यात दाबाने भरायची, की बारीकसारीक खाचाखोचांसह वस्तू तयार. पण सुरुवातीच्या या जस्तात शिशासारख्या अशुद्धींचे अंश राहत आणि काही वर्षांनी वस्तू आतून भुसभुशीत होऊन तडकत. न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९मध्ये अतिशुद्ध जस्त वापरून ‘झमाक’ नावाची मिश्रधातू काढली, तेव्हा ही व्यथा आटोक्यात आली. तरी एक दुखणे राहिलेच. दमट हवेत उघड्या जस्तावर पांढरी बुरशीसारखी भुकटी चढते. त्यावर उपाय म्हणून त्याच कंपनीच्या नावे १९३६ साली ‘क्रोनॅक’ या प्रक्रियेचे पेटंट झाले. सोडियम डायक्रोमेट आणि थोडे गंधकाम्ल यांच्या पाण्यात वस्तू काही सेकंद बुडवायची. तिच्यावर एक अतिशय पातळ पापुद्रा धरतो. पावसाळ्यात डांबरी रस्त्यावर सांडलेल्या तेलात जसे हिरवे-गुलाबी रंग खेळतात, तशी छटा असलेली फिकट सोनेरी झाक येते. जस्ताच्या कार्बोरेटरची कल्हई ती हीच.

हा पापुद्रा नाजूक असतो. सत्तर अंश सेल्सिअसच्या पुढे तापत राहिला की त्याचा कस उतरतो, आणि इंजिनाच्या उबेत वर्षानुवर्षे राहणाऱ्या वस्तूला तेवढी आच सहज लागते. साहजिकच साठ वर्षांनी तो फिका पडतो आणि कार्बोरेटर राखाडी दिसू लागतो. येथे गैरसमजाच्या दोन शाखा फुटतात. एक मालक म्हणतो, ‘हा मूळचाच राखाडी,’ आणि त्याच्यावर काचेच्या बारीक मण्यांचा मारा करून उरलासुरला पापुद्राही उडवतो. दुसऱ्याच्या कानावर आलेले असते की जुने कार्बोरेटर सोनेरी असत. तो बाजारातून सोनेरी रंगाचा डबा आणून सगळ्यावर सरसकट फवारतो. पहिला पुरावा नष्ट करतो, दुसरा खोटा पुरावा तयार करतो. दोघेही संध्याकाळी ढाल घेऊन घरी जातात.

या सोनेरी हव्यासाचा एक मासला देतो. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या कार्टर कंपनीने १९५७ साली ‘एएफबी’ नावाचा चार नळ्यांचा कार्बोरेटर काढला. त्यातले ‘ए’ हे अक्षरच ॲल्युमिनियमचे. वस्तू ॲल्युमिनियमची, अंगाचा रंग ॲल्युमिनियमचा, आणि नावही ॲल्युमिनियमचे! तरीसुद्धा हा कार्बोरेटर सोनेरी करून मिरवणारे महाभाग आहेत. वस्तू स्वतः आपले नाव सांगते आहे आणि तिचा मालक तिलाच गप्प बसवतो आहे.

दुसरा मासला ‘स्ट्रॉमबर्ग ९७’चा. १९३६ ते १९३८च्या फोर्ड व्ही-८ गाड्यांवर तो असे. त्याच्या कंठाचा व्यास ०.९७ इंच म्हणून नाव ‘९७’. त्याचे अंग जस्ताच्या मिश्रधातूचे आणि खालचा पाया बिडाचा. पुढे शर्यतवेड्या तरुणांनी त्याला क्रोमचा मुलामा चढवण्याची टूम काढली. त्यांना मी दोष देत नाही. ते इतिहास जपतो असे म्हणत नव्हते, मजा करत होते. पण आज ‘मूळ स्थितीत आणलेली’ अशी पाटी लावून जेव्हा तोच क्रोमचा ऐवज मांडला जातो, तेव्हा दोन धातूंची ती जोडणी, दोन रंगांचा तो फरक एका चकचकीत झग्याखाली गाडला जातो. आणि क्रोमची हौस तर कधीकधी काळालाही जुमानत नाही. शोभेचा क्रोम मुलामा व्यापारात आला तोच १९२०-३०च्या दशकात. त्याआधी निकेलचे राज्य होते. तरी १९१५च्या गाडीवर क्रोम चमकताना दिसतो आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही. शिवकालीन नाटकात मावळ्याच्या मनगटावर घड्याळ दिसले तर हाच प्रेक्षकवर्ग हसून लोळला असता.

बरे, नुकसान केवळ इतिहासाचे होते असेही नाही. साच्यात दाबाने भरलेल्या धातूची वरची त्वचा घट्ट असते आणि आतला भाग त्या मानाने सच्छिद्र असतो. बफ मारून ती त्वचा घासली की आतली छिद्रे उघडी पडतात. मण्यांचा मारा केला की सूक्ष्म काच पेट्रोलच्या बारीक वाटांत जाऊन बसते. कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात टाकले तर जस्त आणि ॲल्युमिनियम चक्क विरघळू लागतात. इंग्लंडचा ‘एसयू’ कार्बोरेटर घ्या. ‘एसयू’ म्हणजे ‘स्किनर्स युनियन’. जोडे बनवणाऱ्या घराण्यातल्या स्किनर बंधूंनी तो काढला आणि घरच्या धंद्याला साजेसा सुरुवातीला त्यात चामड्याचा भाता बसवला! पुढे भात्याच्या जागी धातूचा दट्ट्या आला. हा दट्ट्या घुमटाकार टोपीच्या आत कोणत्याही कड्याशिवाय, केवळ नेमक्या मापाच्या फटीवर खालीवर होतो. त्याची परीक्षा म्हणजे, तो वरून खाली पडायला किती सेकंद लागतात ते मोजणे. आता कोणी बाहेरच्या चमकीवर समाधान न मानता आतूनही टोपी पॉलिश कागदाने घासली, तर ती फट वाढते आणि मिश्रणाचा हिशेबच चुकतो. गाडी प्रदर्शनात पहिली येते आणि घाटात मागे राहते.

मग मूळचे फिनिश ओळखायचे कसे? हे काम वाटते तितके गूढ नाही. त्याला हवा थोडा संयम, एक लोहचुंबक आणि एक भिंग. चुंबक चिकटला तर बीड वा पोलाद. न चिकटला तर वजनावरून पारख करा. जस्त ॲल्युमिनियमपेक्षा अडीचपटीहून जड, त्यामुळे हाताला फसवत नाही. मग अंग पाहा. वाळूच्या साच्यातल्या ओतकामाचा पोत खरखरीत असतो. पोलादी साच्यातून निघालेले अंग गुळगुळीत असते आणि त्याच्यावर साच्याच्या दोन पाकळ्यांच्या जोडाची बारीक रेषा दिसते. बफ मारणारा पहिल्यांदा हीच रेषा पुसतो. ती नाहीशी झालेली असेल तर हात तेथे फिरला आहे असे समजावे.

त्यानंतर पाहायचे ते चिंधी, ऊन आणि हौस जेथे पोचली नाही तेथे. ज्या स्क्रूखाली कंपनीची आकड्यांची पितळी चकती असते त्या चकतीच्या पाठीमागे, गॅस्केटच्या कडेला, तरफेच्या पोटाखाली, स्क्रूच्या डोक्याखालच्या वर्तुळात. घरातला जुना कॅलेंडरचा खिळा काढल्यावर कागदामागे भिंतीचा पहिला रंग सापडतो, तसाच हा प्रकार. सगळ्या भागांचे फिनिश एकच असेल असे मात्र धरून चालू नये. अंग एका रंगाचे, तरफा जस्ताच्या वा कॅडमियमच्या मुलाम्याच्या, काही स्क्रू काळपट, जेट पितळी, असा हा संसार असतो. सगळेच एका रंगाचे दिसले तर कौतुक करण्यापूर्वी शंका घ्यावी.

आणखी दोन भोवरे आहेत. आटलेल्या पेट्रोलचा तपकिरी-पिवळा राप अंगावर बसतो आणि नवखा माणूस त्यालाच सोनेरी पापुद्रा समजतो. पेट्रोलचा राप कार्बोरेटर धुण्याच्या द्रावकाने निघतो. डायक्रोमेटचा पापुद्रा त्याने निघत नाही. दुसरा भोवरा खोक्यातल्या न वापरलेल्या मालाचा. ‘खोके मूळचे, म्हणून रंगही गाडीवरच्यासारखाच’ हा तर्क दरवेळी खरा ठरत नाही, कारण दुरुस्तीसाठी मागाहून बनवलेल्या सुट्या भागांचे फिनिश कारखान्यात गाडीवर बसवलेल्या भागांपेक्षा वेगळे असू शकते. म्हणून एकाच साक्षीदारावर निकाल देऊ नये. आणि साल विसरू नये. १९३०च्या जस्तावर सोनेरी झाक दिसली, की १९३६चे ते पेटंट आठवून भुवई वर गेली पाहिजे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप ठरलेला आहे: ‘गाडी माझी, पैसा माझा, मी ती सोन्याने मढवीन, तुम्ही कोण?’ अगदी मान्य. मढवा. हिरे जडवा. फक्त तिच्यापुढे ‘मूळ’ ही पाटी लावू नका. दुधात पाणी घालण्याला कायद्याची हरकत नसती, तरी त्याला निर्भेळ दूध म्हणण्याला माझी असती. मूळ या शब्दावर जेव्हा गाडीची किंमत चढते, तेव्हा हा प्रश्न आवडीनिवडीचा राहत नाही, खऱ्याखोट्याचा होतो.

दुसरा आक्षेप अधिक समंजस: ‘मग काय गंज जपायचा? गळका कार्बोरेटर पूजेला ठेवायचा?’ मुळीच नाही. गळके पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण. गॅस्केट बदला, सुईची झडप बदला, आतल्या वाटा मोकळ्या करा. आतून तो नव्यासारखा चालावा आणि बाहेरून जसा आहे तसा राहावा. मऊ कुंचला आणि द्रावक यांनी मळ काढा. मळ आणि मुलामा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत एवढे भान ठेवा. गंजाने खाल्लेली तरफ बदलावीच लागली तर जुनी तरफ पाकिटात घालून, वर तारीख लिहून जपून ठेवा.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ‘तुमचे ते मूळ फिनिश विषारी होते!’ खरे आहे. डायक्रोमेटच्या त्या पाण्यातले क्रोमियम कर्करोग आणणारे आहे, कॅडमियमही विषारीच. कितीतरी देशांनी या मुलाम्यांवर कडक बंधने घातली आहेत, आणि योग्यच केले आहे. घरी बादलीत असले प्रयोग कोणी करू नयेत, हे मी येथे जाड अक्षरांत सांगू इच्छितो. परंतु या आक्षेपातून निष्कर्ष काय निघतो? ज्या गोष्टी पुन्हा बनवणे अवघड आणि घातक झाले आहे, त्या उरल्या आहेत तेथे तरी खरवडू नयेत, हाच ना? आक्षेप माझ्या विरोधात आणला होता. तो माझ्याच बाजूने साक्ष देऊन गेला.

परदेशात शहाणपण अगदीच नाही असे नाही. अमेरिकेतली जुन्या मोटारींची मोठी संस्था, १९३५ साली स्थापन झालेली एएसीए, हिच्या नियमाप्रमाणे गाडी विक्रेत्याने ग्राहकाच्या हाती देण्यासाठी जशी तयार केली असती तशी असावी. त्याहून अधिक नटवलेली नव्हे. १९८७पासून तेथे मूळ अंग जपलेल्या गाड्यांचा वेगळा वर्गही आहे. जुन्या वास्तूंच्या बाबतीत १९६४च्या व्हेनिस सनदेने सांगून ठेवलेच आहे की, जेथे तर्काचा खेळ सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. आणि त्याच विचाराच्या आधारावर जुन्या वाहनांसाठी ट्यूरिनची सनद आली. नियम आहेत. पण नियम पाहणारा डोळा चकाकीने दिपला की नियम कागदावर राहतात. पाच मिनिटांत दहा गाड्या तपासणाऱ्या परीक्षकाला गॅस्केटची कड कोठून दिसणार? त्याला क्रोम दिसतो.

‘हे सारे अमेरिकेचे आणि इंग्लंडचे, आमच्या दिवाळीशी त्याचा काय संबंध?’ असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि दिवसेंदिवस वाढणार आहे. जुलै २०२१मध्ये आपल्या केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून, पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि मोठे फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने ‘व्हिंटेज’ ठरवली आणि त्यांच्यासाठी ‘व्हीए’ अक्षरांची निराळी नोंदणी सुरू केली. म्हणजे १९७० साली कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, कुणाच्या आजोबांनी हौसेने घेतलेली, लग्नाच्या वरातीत आणि पंढरपूरच्या वाटेवर धावलेली फियाट आज त्या वयाला पोचली आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली, तेव्हा तिच्यासाठी हळहळणाऱ्यांत मीही होतो. पण हळहळ स्वस्त असते. वाड्याच्या पडवीत किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेली तशी एखादी गाडी नातवाच्या हाती लागेल, तेव्हा तो पहिल्या दिवशी काय करील, हा खरा प्रश्न आहे. तो भिंग घेईल की बफचे यंत्र?

म्हणून माझ्या मागण्या थोडक्या आहेत. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी ‘चमक’ या रकान्याचे गुण काढून टाकावेत आणि मालकाला प्रत्येक मुलाम्याचा आधार विचारावा. मालकांनी कार्बोरेटरला हात लावण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि कोठे कोणता रंग सापडला ते वहीत लिहावे. आणि कारागिरांनी, ज्यांच्या हातात खरोखरच कसब आहे त्यांनी, ‘साहेब, हे असेच राहू द्या’ असे म्हणण्याचे धाडस करावे, त्यात चार पैसे बुडाले तरी.

त्या राखाडी पडलेल्या पापुद्र्यावर सेंट लुईसच्या कोणा कामगाराचा हात फिरलेला आहे. पाळीवर उभा राहून त्याने टोपलीभर कार्बोरेटर मोजून काही सेकंद त्या पाण्यात बुडवले आणि पुढे सरकवले. त्याचे नाव कोणत्याही पुस्तकात नाही. त्याने केलेल्या कामाची एवढीच नोंद उरली आहे, आणि ती एका दुपारच्या बफने पुसली जाते. यंदाच्या आवराआवरीत घरातली जुनी वस्तू हाती आली, मग ती मोटारीची असो की माजघरातली, तर चिंच आणि राख आणण्यापूर्वी ती एकदा उजेडात धरून नीट पाहावी. घासायला पुढची दिवाळी आहेच. घासलेले परत आणायला कोणतीच दिवाळी पुरणार नाही.